देवीला बोललेला असील

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. वेसाव्याच्या कोळीवाड्यात अंजनाबाई चिखले यांच्या घरामागच्या अंगणात धोंडू घाडीगावकर उकिडवा बसून एका कोंबड्याचे पाय धूत होता. कोंबडा त्याच्या मांडीखाली दाबलेला आणि एक पाय बाहेर ओढलेला. साबण अंगाचा, ब्रश दात घासायचा. खवल्यांमधली घाण मात्र काडीपेटीच्या काडीने काढायची, हा धोंडूचा नियम. दुसरे काही टोकदार लागले तर खवला निघतो आणि परीक्षक नेमका तोच बघतो.

फेब्रुवारी १९७०, रविवार. बोरिवलीला एका शाळेच्या मैदानावर उपनगरातल्या कोंबडीपालकांचे प्रदर्शन होते आणि नऊच्या आत पिंजरा लावायचा होता.

"पावडर पन लाव त्याला," अंजनाबाई दारातून म्हणाली. "नवरदेव हाय."

"अंजनाबाय, कंदील जरा इकडं धर."

"कंदील धरू का पाटी भरू? माजी मासली तुज्या कोंबऱ्यासाठी थांबतेय काय?"

"माझा कुठला? तुझाच आहे ना."

"मंग धुतोस कशाला?" असे म्हणून ती आत गेली. कंदील तिने उंबऱ्यावर ठेवला. त्याचा उजेड धोंडूच्या पाठीवर पडत होता.

अडचण नेमकी हीच होती. कोंबडा अंजनाबाईचा होता आणि चैत्रात तो कार्ल्याला एकवीरेपुढे कापला जाणार होता. तसे तिने देवीला बोलून ठेवले होते. धोंडूला तो जिवंत हवा होता, वीण पुढे नेण्यासाठी. आठ वर्षे कोंबड्या पाळून, निवडून, टाकून त्याला मनासारखा नर मिळाला होता तो हा एकच, आणि तो दुसऱ्याच्या मालकीचा निघाला होता.

धोंडू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. गाव कुडाळकडचे. तरुणपणी परळच्या एका गिरणीत होता. बासष्ट साली ती नोकरी सोडून साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर लागला. कारखान्यामागच्या बैठ्या चाळीत तो आणि त्याची बायको शेवंती राहत. चाळीच्या मागच्या बोळात, सांडपाण्याच्या गटाराला लागून, त्याने फळ्यांचे एक खुराडे केले होते. त्यात असील जातीच्या कोंबड्या होत्या.

असील ही जुनी देशी जात. लोक ती झुंजीसाठी पाळतात. धोंडूच्या वडिलांकडेही होती आणि तेही झुंजवत. धोंडूला झुंजीत रस नव्हता. त्याला कोंबडा नीट उभा राहिलेला बघायचा असे. मान ताठ, शेपूट खाली उतरलेले, पाय असे रुंद की मधून मूठ जावी. अंगावर पिसे आखूड, कडक आणि कमी. तुरा लहान, मटाराच्या शेंगेसारखा, तीन बारीक ओळींचा. डोळा मोतिया, म्हणजे मोत्यासारखा पांढुरका. यातले एक जमले की दुसरे बिघडे. पाय सरळ आले तर तुरा वाकडा, तुरा जमला तर शेपूट शिडासारखे उभे. जो जमला नाही तो धोंडू खुराड्यात ठेवत नसे.

हे कोणाला समजावून सांगणे त्याने केव्हाच सोडले होते. कारखान्यातले लोक दोनच प्रश्न विचारत, वजन किती आणि रस्सा कधी. त्या वर्षांत ज्याला त्याला पांढरी लेगहॉर्न हवी होती, कारण ती बारा महिने अंडी देते. असील कोंबडी महिनाभर अंडी देते आणि बाकीचे वर्ष विचार करते, असे शेवंतीचे म्हणणे होते. रविवारी सकाळी धोंडू एकेक पक्षी बोळात सोडून तासन् तास निरखत बसे, तेव्हा ती पाण्याची कळशी घेऊन त्याला ओलांडून जायची.

"माका कधी असा निरखून बघितल्यात काय?" एकदा तिने विचारले.

"तू पसंत करून आणलेली," धोंडू म्हणाला. "तुला आता काय बघायचं?"

"म्हणजे बघूक होया तेव्हा पण बघितल्यात नाय."

खुराडे लहान, चाळ मोठी. कोंबडा आरवायला लागला की पाचव्या खोलीतले रात्रपाळीवाले भांडायला येत. म्हणून धोंडूने गावाकडची रीत इथे आणली. कोकणात जागा किंवा माणूसबळ नसले की कोंबडी अर्धेलीने देतात. कोंबडी एकाची, सांभाळणार दुसरा. पिल्ले आईपासून सुटली की वाटणी. पहिले पिल्लू मालकाने उचलायचे, दुसरे सांभाळणाऱ्याने, मग पुन्हा मालकाने. विषम उरले तर शेवटचे सांभाळणाऱ्याचे. गावात ही रीत कोणाला अडचणीची वाटत नाही, कारण गावात पिल्लू म्हणजे पिल्लू.

अंजनाबाई त्याला भेटली ती तिच्या मुलामुळे. चंदरने होडीला इंजिन बसवले होते आणि त्याची कामे साकीनाक्याच्या कारखान्यात येत. धोंडू एकदा वेसाव्याला गेला, तेव्हा त्याने तिचे मागचे अंगण पाहिले. रेती, माडाची सावली, आणि आरवण्याबद्दल कोणाची तक्रार नाही. अडुसष्टच्या दिवाळीनंतर त्याने आपली सर्वांत चांगली कोंबडी अर्धेलीने तिच्याकडे ठेवली. पुढच्या फेब्रुवारीत अकरा पिल्ले निघाली.

एप्रिलमध्ये वाटणी झाली. अंजनाबाईने पिल्ले मासळीच्या पाटीखाली झाकली होती. एकेक बाहेर काढायचे आणि उचलायचे. दोन महिन्यांचे असीलचे पिल्लू बघून काहीही कळत नाही. डोळ्याचा रंग नंतर येतो, पाय नंतर उघडतात, ताठपणा सहा-आठ महिन्यांनी दिसतो. हे धोंडूला माहीत होते. तरी रीत ती रीत, निवडायचे तेव्हाच होते. त्याने तुरे बघून, बोटे बघून पाच उचलली. अंजनाबाईने जे हाताला लागले ते घेतले. शेवटी पाटीखाली एक पिल्लू राहिले. त्याच्या छातीवर पिसेच नव्हती, डोळा पिवळट होता आणि ते एका पायावर उभे होते.

"ह्या नागड्याला कोन घेनार?" अंजनाबाई म्हणाली.

"शेवटचं तुझं," धोंडू म्हणाला. "रीतच आहे."

त्याला तेव्हा सुटल्यासारखे वाटले होते.

धोंडूच्या पाच पिल्लांपैकी दोन पावसाळ्यात मानमोडीच्या रोगाने गेली. एक मांजराने नेले. उरलेल्या दोन नरांत एकाचे मधले बोट वाकडे निघाले, दुसऱ्याचे शेपूट उभे राहिले. दोन्ही त्याने काढून टाकले. अंजनाबाईच्या वाट्याची बहुतेक खाल्ली गेली. नागडा राहिला, कारण तो हाताला लागत नसे.

दिवाळीच्या सुमारास चंदरचे इंजिन पुन्हा कुरकुरू लागले. होडीखालच्या पंख्याच्या दांड्याचा बुश झिजला होता, दांडा थरथरत होता आणि ऐन हंगाम होता. धोंडूने लेथवर नवा पितळी बुश कातला आणि एका रविवारी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तो बसवला. इंजिन सुरू झाले. चंदर खाडीत एक फेरी मारून आला आणि हसला. धोंडू कपडे पिळायला मागच्या अंगणात गेला. तिथे भिंतीवर नागडा उभा होता.

आठ-नऊ महिन्यांचा झाला होता. धोंडू लुंगी पिळायची विसरून त्याच्याभोवती फिरला. समोरून, बाजूने, पाठीमागून. डोळा मोतिया झाला होता. छातीवर पिसे अजूनही विरळ होती, आणि असीलला ती तशीच हवीत.

"अंजनाबाय, हा मला दे. याच्या बदल्यात दोन देतो."

"तो नाय. तो देवीचा हाय."

"कधीपासून?"

"परवापासून. इंजिन नीट चालू दे, हंगाम पार परू दे, घरातला हा कोंबरा चैत्रात तुजा, असं बोललंय मी."

"इंजिन मी दुरुस्त केलं."

"तुला कोनी आनला?" अंजनाबाईने विचारले.

"चंदरने. सायकलवर डबल सीट."

"ते मना म्हाईत हाय. बुद्दी कोनी दिली?"

धोंडूने लुंगी पिळली. पुढच्या तीन महिन्यांत त्याने जे जे सुचवले ते सगळे फसले. मोठा गावठी कोंबडा आणून दाखवला, तर बोललेला कोंबडा बदलायचा नसतो असे कळले. लेगहॉर्न आणला, तर अंजनाबाईने "पांढरा?" एवढेच म्हटले आणि पुढे बघितलेही नाही. चंदरला मध्ये घातले. चंदरने आईशी बोलून बघतो म्हणून सांगितले आणि आठवडाभर समुद्रावर गेला.

मग धोंडूला प्रदर्शनाची युक्ती सुचली. कोंबड्याला बक्षीस लागले, चारचौघांत नाव झाले, तर अंजनाबाई कापायला धजावणार नाही, असा त्याचा हिशेब होता. शेवंतीला त्याने तो सांगितला.

"तुमका कोळी कळाक नाय," शेवंती म्हणाली. "आणि देवी तर बिलकूल कळाक नाय."

तर फेब्रुवारीतल्या त्या रविवारी नागडा धुऊन, पुसून, टोपलीत घालून बोरिवलीला गेला. चंदरने दोस्ताचा टेम्पो आणला होता. प्रवेशाचा कागद त्यानेच भरला. मालक, अंजनाबाई चिखले. पक्ष्याचे नाव, नागडा. धोंडूने तो कागद पिंजऱ्यावर लावलेला पाहिला तेव्हा उशीर झाला होता.

"दुसरं काही लिहिता आलं नाही?"

"नाव विचारलं, नाव लिवलं," चंदर म्हणाला. "खोटं कशाला लिवू?"

देशी नरांत सात पिंजरे होते. परीक्षक टाय लावलेले एक पशुवैद्य होते. त्यांनी नागड्याला बाहेर काढायला सांगितले. धोंडूने काढून टेबलावर उभा केला आणि हात मागे घेतला. कोंबडा जसा उभा राहिला तसाच राहिला. परीक्षकांनी पायांमधून मूठ घालून पाहिली, छातीचे हाड चाचपले, पंख उघडून मिटला. इतर सहा पिंजऱ्यांपाशी ते फार थांबले नाहीत.

"याचे आईबाप?"

"आई वेसाव्याला आहे, साहेब. बाप मानमोडीने गेला."

"हा नर जपा," परीक्षक म्हणाले. "असं डोकं आता फार बघायला मिळत नाही. याची वीण घ्या."

"चैत्रापर्यंत जपतो, साहेब," चंदर म्हणाला.

परीक्षकांना ते कळले नाही. ते पुढच्या टेबलाकडे गेले. दुपारी लाउडस्पीकरवरून पहिला क्रमांक वेसाव्याच्या श्रीमती अंजनाबाई चिखले यांचा नागडा, असे जाहीर झाले. मंडपातले लोक हसले. धोंडू पितळी कप घ्यायला उठला, पण मालकाच्या घरचा माणूस म्हणून चंदरला बोलावले गेले.

कोळीवाड्यात टेम्पो पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. अंजनाबाईने कोंबड्याला हळदकुंकू लावले आणि कप फळीवर, इंजिनच्या तेलाच्या डब्याशेजारी ठेवला. धोंडू तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिला नेमके काय वाटते आहे ते त्याला लगेच कळले.

"बगा गो," ती शेजारणींना सांगत होती. "सगल्या बोरिवलीत एक नंबर. आतापातूर देवीला एक नंबरचा कोंबरा कोनी दिला हाय काय?"

कोणी दिला नव्हता. म्हातारी सोनूबाई, जिचा शब्द कोळीवाड्यात असल्या बाबतींत शेवटचा समजला जातो, तिनेही विचार करून नाही म्हटले. त्या दिवसापासून नागडा वाड्याचा कोंबडा झाला. पोरे त्याला बघायला येत. कोणी सुकट घाली, कोणी भात. धोंडूने जाड होईल म्हणून ओरडून पाहिले. देवीला काय हडकुळा न्यायचा, असे त्यालाच विचारण्यात आले.

आता एकच गोष्ट हातात होती. चैत्राच्या आत नागड्यापासून अंडी मिळवायची. धोंडूच्या खुराड्यात एक तांबडी तलंग होती. नुकतीच अंड्यावर येत होती, डोके चांगले, पाय चांगले. तिला घेऊन तो मार्चच्या मध्यावर वेसाव्याला गेला. अंजनाबाईची हरकत नव्हती. फक्त वाटणीचे आधी बोलून घेऊ, असे ती म्हणाली.

"बाप कोनाचा?"

"तुझा."

"मंग अर्धी पिल्लं माजी. बसनार कुठं? माज्या अंगनात. अंडी उबवाया रवनीला गावठी कोंबरी कोनाची? माजी. मंग उरल्या अर्ध्यातली अर्धी सांबालनाऱ्याची."

"म्हणजे मला राहिलं काय?"

"तुजी तलंग तुला परत," अंजनाबाई म्हणाली. "तिला मी हात लावनार नाय."

धोंडू उठून सायकलकडे गेला, सायकलला हात लावून परत आला. असे दोनदा झाले. शेवटी सोनूबाईच्या ओटीवर बसून ठरले ते असे. वाटणी निम्मी निम्मी. पण दोन महिन्यांनी नाही, आठ महिन्यांनी करायची, ही धोंडूची अट अंजनाबाईने मान्य केली. त्याबद्दल आठ महिने दाणे धोंडूने आणायचे. आणि गेल्या खेपेला पहिली निवड त्याने केली होती, म्हणून या खेपेला पहिले पिल्लू अंजनाबाई उचलणार.

ही शेवटची अट ऐकून धोंडूने पुन्हा सायकलकडे पाहिले. आठ महिन्यांनी चांगले-वाईट तिला पण दिसणार होते. न दिसले तर सांगायला सगळा कोळीवाडा होता.

तलंग आणि नागडा पहिले दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी जमले. मार्च संपता संपता ती एक दिवसाआड अंडी घालू लागली. धोंडू कामावर जायच्या आधी सायकलने येऊन अंडी बघून जाई. पहिली दोन चंदरच्या बायकोने, मंजुळाने, उकडली.

"होडीवर जायचं होतं त्यांना," ती म्हणाली. "घरात दुसरं काय नव्हतं."

"मंजुळा, ती असीलची अंडी होती."

"मना काय म्हाईत? अंड्यासारखी अंडी होती."

त्यानंतर धोंडूने अंड्यांवर पेन्सिलीने फुली मारायला सुरुवात केली आणि ती भुशाच्या डब्यात, देवाच्या फळीखाली ठेवली. तिथे कोणी हात लावत नसे.

चैत्री सप्तमीला कोळीवाड्याचा ट्रक कार्ल्याला निघाला. धोंडूला जायचे नव्हते. पण नागडा प्रदर्शनापासून चिडका झाला होता. चंदरच्या मनगटाला त्याने चोच मारली, दुसऱ्या एकाच्या पोटरीला टाच. फक्त धोंडूच्या काखेत तो शांत राही. अंजनाबाईने साकीनाक्याला निरोप धाडला. धोंडूने रजा टाकली आणि तो ट्रकमध्ये बसला. डोंगराच्या पायऱ्या त्याने कोंबडा काखेत घेऊन चढल्या.

वाटेत पनवेलकडचा कोणी एक माणूस त्याच्याबरोबर चालू लागला.

"झकास कोंबडा आहे," तो म्हणाला. "असील ना? कुठून घेतला?"

"माझ्याच कोंबडीचा आहे."

"मग देता कशाला? वीण नाही का घ्यायची?"

"माझा नाही," धोंडू म्हणाला.

माणसाने त्याच्याकडे पाहिले आणि तो मागे राहिला.

पायथ्याशी चुली मांडल्या होत्या. नागड्याचे मांस शिजायला दुप्पट वेळ लागला आणि अंजनाबाईने त्याबद्दल धोंडूलाच बोल लावला. असील आहे, असे तो म्हणाला. पानावर त्याला मानाचा वाटा म्हणून छातीचा तुकडा आला. त्याने मांस खाल्ले आणि हाड बाजूला काढून उजेडाकडे धरले. हाड सुरीसारखे सरळ होते. हाताने चाचपून ते त्याला माहीत होतेच, परीक्षकांनाही होते. आता डोळ्यांनी दिसले.

"चिवट हाय पन चव हाय," अंजनाबाई म्हणाली. "पुढच्या वर्साला पन असाच पायजे."

"पुढच्या वर्षी काय बोललीस देवीला?"

"अजून काय नाय. चंदरला दुसरी होडी घ्यायची हाय, बगू."

धोंडूने हात धुतले. परतीच्या वाटेवर तो ट्रकच्या फाळक्यापाशी बसला होता. बाकीचे गात होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याने अंजनाबाईच्या गावठी खुडूक कोंबडीखाली फुली मारलेली सात अंडी ठेवली. या सातांतली आधीची दोन जुनी आहेत, एप्रिलचा उकाडा आहे, तलंगेची पहिलीच खेप आहे. किती अंड्यांत जीव धरला असेल हे बाहेरून सांगता येत नाही. अंजनाबाईने तिच्या हिशेबाने सातांतले पहिले पिल्लू आतापासूनच ठरवून ठेवले आहे. शेवंतीने दाण्यांसाठी घरातला डबा द्यायला नकार दिला आहे.

उद्या सोमवार, अंड्यांचा सातवा दिवस. उजाडायच्या आत धोंडू वेसाव्याला पोचेल. अंजनाबाई कोंबडी उचलून धरेल, आणि तो चंदरच्या बॅटरीवर एकेक अंडे ठेवून बघेल. ज्यात लाल शिरा दिसतील ते परत कोंबडीखाली जाईल, कोरे निघेल ते मंजुळाला. साकीनाक्याच्या कारखान्याचा भोंगा आठला होतो, त्याआधी त्याला परतायचे आहे.